अक्षता घातलेलं पाकीट

"आत काय घातलंयस गं?" शिकलगारकाकांनी माझं पाकीट कानाजवळ नेऊन हलवलं. खुळखुळ आवाज आला. "बी-बियाणं पाठवालीस काय जेलात?"

"हळू बोला की काका!"

मी मागं वळून बघितलं. पोस्टात एक पेन्शनवाली म्हातारी सोडली तर कोणी नव्हतं, आणि तिचा अंगठा मशीनवर उठत नव्हता म्हणून ती तो पदराला घासण्यात गुंग होती. शिकलगारकाका आमच्या गल्लीचे पोस्टमन. सकाळी दहापर्यंत ते खिडकीशेजारच्या टेबलावर टपाल लावत बसायचे. पप्पांची पत्रं तेच आणायचे, आणि आणताना नेहमी लाइटबिलाच्या खाली धरून, पालथी. गल्लीत कुणाला शिक्का दिसू नये म्हणून. आम्ही त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं.

"अक्षता आहेत," मी म्हणाले. "लग्नाची पत्रिका आहे ना ती. अक्षता घातल्या नाहीत तर पत्रिका कसली?"

"अगं खुळे, तिथं प्रत्येक पाकीट फोडून बघतात. नुसता कागद पाठव. हे हळदकुंकू, तांदूळ काढून टाक."

"फोडू देत की. लग्नाची पत्रिका बघून त्यांनाही बरं वाटेल."

"तू आठवीत चाललीस का वकिलीला?"

"आधी आठवीत. मग वकिलीला."

ते हसले. पाकीट पुन्हा एकदा हातात तोललं, जास्तीचं तिकीट लावायला लावलं आणि ठप्पा मारला. ठप्प! मला तो आवाज फार आवडला. जगातलं सगळ्यात शहाणं काम आपण आज केलंय, असं मला वाटलं.

आता मी अकरावीत आहे. वक्तृत्वाचे दोन कप आणलेत, आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं तर "जेलमध्ये आहेत, जन्मठेप" असं डोळ्यात बघून सांगते. समोरच्याचीच पंचाईत होते. पण तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि पप्पा कुठं आहेत हे शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला माहीत होतं.

पप्पा इचलकरंजीतल्या एका लूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मी पहिलीत असताना मालकाच्या पुतण्याशी त्यांचं भांडण झालं. पप्पांच्या हातात लोखंडी रॉड होता. पुतण्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. एवढंच मला माहीत आहे आणि एवढंच मी लिहिणार आहे. अश्विनी, म्हणजे माझी अक्का, तेव्हा दहावीत होती. बोर्डाची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. तिनं सगळे पेपर दिले, अठ्ठ्याऐंशी टक्के पाडले आणि जूनमध्ये शर्ट शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायला गेली.

तेव्हापासून ती पप्पांना 'ते' म्हणायची. सहा वर्षांत तिनं त्यांना एकदाही पत्र लिहिलं नाही, आणि मुलाखतीला, म्हणजे जेलात भेटायला, ती एकदाही आली नाही. तिकडून फोन आला तर ती मोटार चालू करून पाणी भरायला जायची. टाकी भरलेली असली तरी.

पत्रं लिहायचं खातं माझ्याकडं होतं. तिसरीपासून. आईला सही येते, पण पत्र म्हटलं की ती पेन माझ्याकडं सरकवते. पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती, "तिथं ते एकटे असतात समू. रडकं काही लिहू नको." मी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. वाऱ्यानं आमचा पत्रा उडाला तेव्हा मी लिहिलं, 'आता घरातून आकाश छान दिसतं.' कामावर आईचं बोट सूत गुंडाळायच्या कांडी मशीनमध्ये सापडलं तेव्हा लिहिलं, 'आईला आठ दिवस सुट्टी आहे, मजा चाललीय.' अक्काबद्दल तर दर पत्रात एक ओळ असायचीच. 'अक्का तुमची रोज आठवण काढते.'

आणि मग अक्काचं लग्न ठरलं.

गडहिंग्लजचा मुलगा. विनायक. मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जुळवलं आबाकाकांनी, पप्पांचे थोरले भाऊ. मेच्या चोवीस तारखेचा, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. पत्रिका छापून आल्या त्या रविवारी आम्ही सगळे जमिनीवर गोल करून बसलो होतो. आबाकाका यादी वाचत होते, मी पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होते, आई आत चार-चार दाणे अक्षता घालत होती आणि अक्का भिंतीला टेकून स्वतःच्याच ब्लाउजला हुक लावत होती.

"पहिली देवाला झाली," काका म्हणाले. "दुसरी मामाला. तिसरी..."

"आणि पप्पांना?" मी विचारलं.

आईचा हात अक्षतांच्या वाटीतच थांबला.

"बापाला कुठं पत्रिका देतात काय गं?" काका म्हणाले. "मुलीचा बाप पत्रिका देतो, घेत नाही."

"मग निमंत्रक म्हणून तुमचं नाव कसं?"

"समे! गप बस," आई म्हणाली.

"बोलू दे तिला शोभा. आजकालच्या पोरी." काकांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ बाळ, पत्रिका गेली की तो अर्ज करणार. अर्ज केला की त्याला चार दिवस सोडणार, आणि बरोबर पोलीस देणार. मी व्याह्यांना शब्द दिलाय, तसलं काही होणार नाही म्हणून."

"त्यांनी मागितला होता शब्द?"

"न मागता द्यायचा असतो. त्यालाच मोठेपणा म्हणतात."

आईनं अक्काकडं बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, आता तरी ती काहीतरी बोलेल. तिनं दातानं दोरा तोडला आणि ब्लाउज उलटा करून दुसरा हुक शोधायला लागली.

काकांचं चुकीचं नव्हतं. पत्रिकेचं महत्त्व मलाही माहीत होतं, कारण मार्चमधल्या पत्रात पप्पांनी लिहिलं होतं, 'आमच्या बराकीतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. त्याला पत्रिका आली, त्यानं ती अर्जाला जोडली. चार दिवस जाऊन आला. आल्यावर सगळ्यांना बुंदी वाटली.' बस, एवढंच. पुढं हवापाण्याचं. पण ते 'बुंदी वाटली' मी दहा वेळा वाचलं असेल. पप्पा कधी काही मागायचे नाहीत. ते असंच मागायचे.

म्हणून मी एक पत्रिका फ्रॉकच्या खिशात सारली. दुसऱ्या दिवशी आई आणि अक्का कामावर गेल्यावर मी ती बाहेर काढली, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि बाकीच्यांना चार दाणे, पण पप्पांना कसे चारच, म्हणून मूठभर अक्षता आत ओतल्या. मग सोबतचं पत्र लिहिलं. त्यातली ओळ न् ओळ मला अजून पाठ आहे. शेवटी मी लिहिलं होतं, 'अर्ज लगेच करा. सगळे तुमची वाट बघतायत. अक्का म्हणाली, पप्पा आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणारच नाही.'

मला ते खोटं वाटलंच नाही. मला वाटलं, आत्ता नसेल म्हणाली, पण पप्पा दारात दिसले की हेच म्हणेल.

*

मेच्या बारा तारखेला दुपारी शिकलगारकाका आले. हातात लाइटबिल, आणि खाली पालथं काहीतरी. मी पळत दाराशी गेले, पण आबाकाका हॉलच्या पावत्या दाखवायला आले होते आणि खुर्ची दारातच टाकून बसले होते. त्यांनी सरळ हात पुढं केला. शिकलगारकाकांनी माझ्याकडं बघितलं. काय करणार बिचारे, थोरला माणूस हात पुढं करून बसलाय.

पप्पांचं पत्र नव्हतं. सरकारी कागद होता.

काकांनी मोठ्यानं वाचला. "'आपणाकडून बंदी महादेव म्हेत्रे यांचे नावे प्राप्त पाकिटात विवाहपत्रिका व पत्रासोबत पिवळ्या व लाल रंगाची पूड तसेच धान्यसदृश वस्तू मोठ्या प्रमाणात आढळून आल्याने सदर पाकीट तपासणीकामी रोखून ठेवण्यात आले आहे.'" त्यांनी कागद खाली घेतला. "धान्यसदृश वस्तू?"

अक्का त्या दिवशी सुट्टीवर होती. ती चुलीजवळ पाठमोरी बसून हाताला लावलेली मेंदी बघत होती. सरावाची, छोटीशी, एका तळव्यावर.

"धान्यसदृश वस्तू," काका पुन्हा म्हणाले, आणि एकदम ओरडले, "शब्द दिला होता मी! माझ्या शब्दाला तुम्ही मायलेकी काय समजता? उद्या हॉलसमोर पोलिसांची गाडी लागली तर गडहिंग्लजकरांना मी काय तोंड दाखवू?"

"आईला काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मी पाठवली."

"तू? तू कोण पाठवणारी?"

"मुलगी."

काका उठले. मला वाटलं, थोबाडीत बसणार. पण त्यांनी कागदाची घडी घातली, ती माझ्याच हातात दिली आणि थंडपणे म्हणाले, "रोखून ठेवलंय म्हणतात. बारा दिवस उरलेत. देवानंच अक्कल दिली म्हणायची त्या लोकांना." आणि चप्पल घालून गेले.

आईनं दार लोटलं. मी रडायच्या तयारीत उभी होते. पण ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "किती घातल्या होत्यास गं अक्षता?"

"मूठभर."

"मूठभर!" तिनं कपाळाला हात लावला. "मूठभर कुणी घालतं काय? चार दाणे घालायचे असतात. चार दाणे कुणाला दिसलेसुद्धा नसते की!"

तेव्हा मला कळलं, की तिलाही ते पाकीट पोचायला हवं होतं. आणि माझ्या मुठीमुळंच ते पोचलं नव्हतं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. अक्का कळशी लावून उभी होती. मी दुसरी कळशी घेऊन गेले.

"पत्रात काय लिहिलं होतंस?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेवटची ओळसुद्धा. अक्काला मी खोटं कधीच सांगू शकायचे नाही, पत्रातच काय ते जमायचं.

"असं मी म्हणाले?"

"नाही. पण..."

"पण काय?"

"पण त्यांना बरं वाटलं असतं."

कळशी भरून वाहायला लागली होती. तिनं नळ बंद केला नाही. "समू, आजपर्यंत किती पत्रांत माझ्या नावानं लिहिलंयस?"

मी बोटांवर मोजायला लागले. तिनं माझा हात धरून खाली केला.

"राहू दे," ती म्हणाली. "कळलं." आणि कळशी उचलून गेली. तिच्या मेंदीचा ओला डाग माझ्या मनगटावर उमटला होता. मी तो धुतला.

*

लग्नाच्या दिवशी मी हट्टानं गेटवर उभी राहिले. येणाऱ्यांना गुलाबपाणी शिंपडायचं आणि पेढा द्यायचा. काकू म्हणाल्या, करवलीनं नवरीजवळ बसायचं असतं. मी म्हणाले, करवल्या तीन आहेत, गेट एकच आहे.

मी मनात हिशेब करून ठेवला होता. कागद बाराला आला. म्हणजे त्यांनी तो आठ-नऊला लिहिला असणार. त्यानंतर पाकीट सोडलं असेल, तर दोन दिवसांत अर्ज. अर्ज मंजूर व्हायला समजा आठवडा. जमत होतं! ओढूनताणून का होईना, जमत होतं.

सव्वाबाराला पोलिसांची गाडी आली. निळी. माझ्या हातातली गुलाबदाणी सुटली आणि फरशीवर गडगडत गेली. गाडी हॉलसमोर थांबली, त्यातून एक हवालदार उतरला आणि म्हणाला, "ह्या मोटारसायकली कुणाच्या हायत? रस्ता सोडून लावा की!" मग गाडी गेली.

मी आत पळाले, सरळ नवरीच्या खोलीत. तिथं अक्का डाळिंबी शालूत बसली होती आणि मावशी तिच्या मुंडावळ्या बांधत होती. इतकी सुंदर दिसत होती की मला आणखीच रडू यायला लागलं.

"गेटकडं बघत बसू नकोस," अक्का म्हणाली. "येणार नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

"माझ्यामुळं. मूठभर घातल्या म्हणून."

ती काहीतरी बोलणार होती. तिचं तोंड उघडलेलं मी बघितलं. तेवढ्यात मामा आला, "चला, अंतरपाट धरलाय," म्हणाला आणि तिला घेऊन गेला. कन्यादान आबाकाका आणि काकूंनी केलं. आई दुसऱ्या रांगेत उभी होती, बोट तुटलेला हात पदरात लपवून.

*

शाळा सुरू व्हायच्या आधी मी आणि आई मुलाखतीला गेलो. सहा तासांची एसटी. मला जायचं नव्हतं. त्या महिनाभरात मी पप्पांना पत्रच लिहिलं नव्हतं. काय लिहिणार? 'तुमच्या मुलीचं लग्न छान झालं, तुम्हाला मीच येऊ दिलं नाही'?

मुलाखतीच्या खोलीत मध्ये काच असते. दोन्हीकडं फोनचे रिसीव्हर. वीस मिनिटं. पप्पा आले ते पांढऱ्या कपड्यांत, टोपी हातात घेऊन. आधी आई बोलली. जेवण कसं होतं, पाहुणे किती, अक्काच्या सासरचं घर कसं, दोन गाळ्यांचं, मागं लिंबाचं झाड. पप्पा ऐकत होते आणि मधूनमधून 'वा, वा' म्हणत होते. मग आईला रजिस्टरवर सही करायला बोलावलं आणि रिसीव्हर माझ्या हातात आला.

"काय समूबाई, पत्र नाही?"

मी जे पाठ करून आले होते ते एका दमात बोलून टाकलं. "पप्पा मला माफ करा, मी मूठभर घातल्या, शिकलगारकाका नको म्हणाले होते, मी ऐकलं नाही, त्यामुळं तुमचं पाकीट अडवलं, नाहीतर तुम्ही आला असता."

"कुठलं पाकीट अडवलं?"

"पत्रिकेचं. तसा कागद आला होता घरी."

"हात्तिच्या!" पप्पा हसले. "अगं आठ दिवस ठेवलं आणि दिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, म्हेत्रे, ही पूड कसली? मी म्हटलं, साहेब, लेकीचं लग्न आहे. त्यांनी तांदूळ काढून घेतले आणि पत्रिका दिली, पत्र दिलं. अडवलं ते कळवतात. सोडलेलं कोण कळवतंय?"

"मग?"

"मग काय. त्याच दिवशी अर्ज लिहून दिला."

"मग?"

पप्पांनी मागं उभ्या शिपायाकडं बघितलं. मग शर्टाच्या खिशातून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. घड्यांवर ते इतकं विरलं होतं, की त्यांनी उघडताना बोटांनी चिमटीत धरलं. आणि ते काचेला टेकवलं, अक्षर माझ्याकडं करून.

त्यावर मधोमध तपासल्याचा जांभळा शिक्का होता. अक्षर अक्काचं होतं. बारीक, सरळ, कॉलरच्या शिलाईसारखं.

'पप्पांस,
समूनं माझ्या नावानं लिहिलं ते मी बोललेली नाही. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर पोलीस येतील आणि माणसं माझ्याकडं न बघता तुमच्याकडं बघतील. सहा वर्षं मी रॉडवाल्याची पोरगी आहे. कारखान्यात, नळावर, सगळीकडं. एक दिवस मला नुसती नवरी होऊ द्या. माझा राग गेलेला नाही. तो जाईल का, तेही मला माहीत नाही. विनायकना मी सगळं स्वतः सांगितलंय. ते चांगले आहेत. शालू डाळिंबी रंगाचा आहे.
तुमची
अश्विनी'

मी दोनदा वाचलं. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली, ती पप्पांनी आतून पुसायचा प्रयत्न केला. वाफ माझ्या बाजूला होती. मीच पुसली.

"अर्ज मागं घेतला," पप्पा म्हणाले. "साहेब म्हणाले, अरे खुळा आहेस काय, मंजूर होईल तुझा. मी म्हटलं, नको."

"किती वाईट लिहिलंय तिनं!"

"वाईट?" त्यांनी पत्र परत स्वतःकडं वळवलं. "सहा वर्षांत ती माझ्यावर रागावलीसुद्धा नव्हती समू. आता रागावली. आणि खाली बघ, 'तुमची' लिहिलंय. शालूचा रंग पण लिहिलाय. कशाला लिहिला असेल, सांग बघू?"

मी काचेतून त्या उलट्या पत्राकडं बघितलं.

"त्या दिवशी बारा पस्तीसला बराकीतल्या सगळ्यांना उभं केलं. म्हटलं, उठा रे, माझ्या लेकीचं लग्न लागतंय. एकाला मंगलाष्टका अर्धवट येत होत्या. तेवढ्याच म्हटल्या आणि टाळ्या वाजवल्या."

"माझं पत्र वाचून तुम्हाला खरं वाटलं होतं?" मी विचारलं. "अक्का म्हणाली ते?"

पप्पांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुझी पत्रं मला फार आवडतात," ते म्हणाले. "पण पोरी, घरातून आकाश दिसायला लागलं म्हणजे पत्रा उडाला, एवढं जॉबरला कळतं की."

मी हसले, आणि हसता हसता जे रडायला लागले ते थांबेचना. पप्पा काचेपलीकडून "अगं, अगं" करत होते. त्यांच्यासमोर मी रडले ती पहिली वेळ. आई सही करून परत आली आणि घाबरून दारातच उभी राहिली.

मागून शिपाई म्हणाला, "चला, वेळ झाली."

"अक्काला काय सांगू?" मी घाईघाईनं विचारलं.

"सांग, पत्र मिळालं." पप्पांनी पत्र खिशात ठेवलं, वरून हात फिरवला. "आणि पत्ता बरोबर लिहिला होता म्हणावं."

*

एसटी स्टँडवरून मी आईच्या मोबाइलवरून अक्काला फोन लावला. आई पाण्याची बाटली भरायला गेली होती.

"बोल," अक्का म्हणाली. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"पप्पांना भेटून आले. त्यांनी पत्र दाखवलं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"पत्र मिळालं म्हणाले. आणि पत्ता बरोबर लिहिला होता म्हणाले."

"बरोबर असणारच," ती म्हणाली. "तुझ्या वहीतून उतरवला होता."

"तू मला त्या दिवशी का सांगितलं नाहीस? मला महिनाभर वाटत होतं की माझ्या मुठीमुळं..."

"सांगणार होते. मामा आला." मग ती म्हणाली, "सॉरी समू."

तिकडं तिच्या सासूबाईंनी हाक मारली, "अश्विनी, दूध बघ गं!" ती "आले" म्हणाली, पण गेली नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"ते..." ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "पप्पा वाळलेत का गं?"

'छे, मस्त आहेत!' हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. सत्तरेक पत्रांची सवय होती ती.

"हो," मी म्हणाले. "खूप वाळलेत. पुढचे दोन दात पडलेत. आणि वाचताना कागद लांब धरतात."

सासूबाईंनी पुन्हा हाक मारली. दूध बहुतेक उतू गेलं असावं. अक्कानं फोन ठेवला नाही.